समांतर जोडणी : एक कौटुंबिक अभ्यास

घरातील इंटरनेट मंद का चालते, या प्रश्नाची उत्तरे महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबात एका ठरलेल्या क्रमाने दिली जातात. पहिला आरोप सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर होतो, दुसरा सरकारवर, तिसरा तोच रस्ता पुन्हा पुन्हा खणणाऱ्या महापालिकेवर आणि चौथा पावसावर. हे चौघेही पुरेसे दोषी ठरले नाहीत तर घरातील सर्वांत धाकट्या मुलाला उभे केले जाते, कारण तो ‘सारखे काहीतरी डाउनलोड करत असतो’ हे कुटुंबाला पुराव्यावाचून मान्य असते. या आरोपपत्रात दिवाणखान्याच्या खिडकीतून आत शिरून, दाराच्या चौकटीवरून, देवघराच्या मागून आणि लोखंडी कपाटाच्या आडून शयनगृहापर्यंत पोचलेल्या त्या पिवळट पडलेल्या तारेचे नाव मात्र कधीच नसते. तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड येत होते त्या काळात मंदपणाचे एक मोठे कारण, आणि सर्वांत कमी खर्चात दूर होणारे कारण, पुष्कळदा हीच तार होती. परंतु ती घरची असल्यामुळे तिच्यावर संशय घेणे हे घरच्याच माणसावर संशय घेण्यासारखे होते. तंत्रज्ञ जिला ‘एक्स्टेन्शन’ म्हणत आणि घरची माणसे जिला ‘पॅरलल’ म्हणत, त्या तारेचा उगम, तिचे गुणधर्म आणि तिच्यामुळे उद्भवणाऱ्या विकारांचे निदान, असा या विवेचनाचा विषय आहे.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली सुरू झाले. परंतु सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने टेलिफोनचा इतिहास त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, म्हणजे अर्जाला उत्तर आले तेव्हा, सुरू झाला. फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबण्याचा तो काळ होता, आणि मुंबई व दिल्लीसाठी १९८६ साली महानगर टेलिफोन निगमची स्थापना झाल्यानंतरही फोन घरी येणे ही शेजाऱ्यांना पेढे वाटण्याजोगी घटना होती. असा दीर्घ प्रतीक्षेनंतर लाभलेला फोन साहजिकच दिवाणखान्यात, भरतकाम केलेल्या रुमालाखाली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी विराजमान होत असे. काही वर्षांनी कौतुक ओसरले की या जागेचे तोटे ध्यानात येत. दिवाणखान्यात बोललेले प्रत्येक वाक्य सर्वांना ऐकू येते, हा तरुण पिढीचा आक्षेप असे. रात्री घंटा वाजली तर उठून तिथपर्यंत जाईतो ती थांबते, हा वृद्धांचा आक्षेप असे. आणि स्वयंपाकघरात कढईवर लक्ष ठेवून बहिणीशी बोलता येत नाही, हा ज्यांच्या आक्षेपाला घरात सर्वाधिक वजन होते त्यांचा आक्षेप असे. तिन्ही आक्षेपांचे निराकरण एकाच उपायाने होण्यासारखे होते. दुसरी जोडणी मागवण्यात पुन्हा प्रतीक्षा आणि दुप्पट भाडे होते, तर आहे त्याच तारेला फाटा काढून दुसरे यंत्र जोडण्यात गल्लीतल्या वायरमनची मजुरी आणि चहा एवढाच खर्च होता. दोन यंत्रे एकाच जोडीवर एकमेकांना समांतर बसवायची, म्हणजे दोन्हीकडे घंटा वाजते आणि कोठूनही बोलता येते, ही ती ‘पॅरलल’ पद्धत होय. एका खोलीतले संभाषण दुसऱ्या खोलीत रिसीव्हर उचलून ऐकता येते, हा तिचा अधिकृतरीत्या न सांगितलेला पण सर्वाधिक वापरला गेलेला लाभ होता.

समांतर जोडणीचा विस्तार हा कुटुंबाच्या विस्ताराशी निगडित असल्यामुळे तारेचा नकाशा पाहून घराचा इतिहास वाचता येतो. आजोबांच्या गुडघ्यांनी दगा दिला त्या वर्षी एक फाटा त्यांच्या पलंगाशी गेला. थोरल्या मुलाचे लग्न झाले तेव्हा एक फाटा वरच्या मजल्यावर चढला. त्याच्या आईचे आणि बायकोचे मतभेद झाले तेव्हा तो काही काळ तोडला गेला आणि नातू झाल्यावर पुन्हा जोडला गेला. एखादा फाटा गच्चीवरच्या खोलीत गेलेला असे, जेथे कोणी एके काळी स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करत होता. तो उमेदवार पुढे नोकरीसाठी परगावी गेला, त्याचा फोनही उचलून ठेवला गेला, पण तार तशीच राहिली, कारण बिनकामाची झालेली तार काढून टाकण्यासाठी वायरमनला बोलावण्याची प्रथा कोणत्याही समाजात आढळत नाही. अशा तारेचे टोक कपाटामागे लोंबत राहते, पुढच्या दिवाळीत तिच्यावरून रंगाचा हात फिरतो, आणि त्यानंतर ती भिंतीचा भाग म्हणून ओळखली जाते.

ही तार कोणत्या प्रकारची होती, याला पुढील विवेचनात महत्त्व आहे. टेलिफोनच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असाव्यात, म्हणजे बाहेरून येणारा विद्युत्-उपद्रव दोघींवर सारखाच बसतो आणि यंत्र केवळ दोघींमधील फरक मोजत असल्यामुळे तो आपोआप वजा होतो, हे तत्त्व स्वतः अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी ओळखून १८८१ साली त्याचे पेटंट घेतले होते. वायरमनच्या पिशवीत मात्र दारावरच्या घंटीसाठी आणलेल्या चपट्या, बिनपिळाच्या वायरचे वेटोळे असे आणि फोनलाही घंटीच आहे हा युक्तिवाद त्याला पुरेसा वाटे. जोड देताना दोन्ही तारांची टोके दातांनी सोलायची, बोटांनी पिळायची आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळायची, एवढ्यात काम संपे. ज्या पिळाची संपूर्ण लांबीत गरज होती तो अशा रीतीने फक्त जोडाच्या ठिकाणी दिला जात असे. तारेचा मार्गही सोयीने ठरे: ती ट्यूबलाइटच्या पट्टीला समांतर जाई, फ्रिजच्या मागून वळे, आणि टीव्हीच्या केबलबरोबर एकाच भोकातून भिंत ओलांडे. असे असूनही सारे सुरळीत चालत असे, कारण मानवी आवाजासाठी टेलिफोन यंत्रणा सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच कंपनांचा पट्टा वापरते आणि एवढ्या संथ लहरी जवळजवळ कोणत्याही तारेतून तक्रार न करता जातात. थोडी खरखर आली तर पलीकडच्या माणसाला ‘जरा मोठ्याने बोला’ असे सांगता येत असे, आणि या दुरुस्तीला कोणतेही साहित्य लागत नसे.

२००४ सालच्या केंद्र सरकारच्या ब्रॉडबँड धोरणाने या सुखी संसारात तिसऱ्याचा प्रवेश घडवला. सेकंदाला २५६ किलोबिट किंवा अधिक वेग म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या त्या धोरणात करण्यात आली. हा उंबरठा २०१३ साली ५१२ किलोबिट आणि २०२३ साली २ मेगाबिट करण्यात आला. २००५ पासून बीएसएनएल आणि एमटीएनएल यांनी घरोघरी आधीच पोचलेल्या तांब्याच्या जोडीवरून ही सेवा देण्यास प्रारंभ केला. आरंभीच्या गैरसमजांपैकी सर्वांत टिकाऊ गैरसमज बिट आणि बाइट यांच्यातील होता. आठ बिट मिळून एक बाइट होतो, त्यामुळे २५६ किलोबिटच्या जोडणीवर संगणकाच्या पडद्यावर उत्तमात उत्तम दिवशीही ३२ किलोबाइट एवढाच आकडा दिसणार. परंतु बिल २५६ चे आणि माल ३२ चा, हा हिशेब पाहून अनेक निवृत्त लेखापालांनी ग्राहक मंचाचा पत्ता शोधून ठेवला होता. रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेत कितीही वापर करा, अशी मुभा देणाऱ्या योजनांमुळे पहाटेचा गजर लावून उठण्याची सवय मराठी तरुणांना लागली. ती अभ्यासासाठी आहे, असे पालकांना काही काळ वाटले.

ज्या तंत्रामुळे हे शक्य झाले त्याचे नाव एडीएसएल. त्याच्या नावातच असमतोल आहे: येणाऱ्या माहितीला मोठा रस्ता आणि जाणाऱ्या माहितीला लहान, अशी त्याची रचना असते. आवाजाच्या पट्ट्याच्या वरची, सुमारे ११०० किलोहर्ट्झपर्यंतची जागा या तंत्रात प्रत्येकी ४.३ किलोहर्ट्झ रुंदीच्या २५६ अरुंद मार्गिकांत विभागली जाते, आणि एडीएसएल-२-प्लस या सुधारित आवृत्तीत हीच विभागणी २२०० किलोहर्ट्झपर्यंत म्हणजे ५१२ मार्गिकांपर्यंत जाते. मॉडेम चालू केल्यावर त्याच्यावरचा दिवा काही वेळ लुकलुकत राहतो, तेव्हा घरचे मॉडेम आणि एक्स्चेंजमधील यंत्र या प्रत्येक मार्गिकेची तपासणी करत असतात. जी मार्गिका स्वच्छ असेल तिच्यावर पंधरापर्यंत बिट लादले जातात, जी गोंगाटाने भरलेली असेल तिच्यावर एखाददुसरा, आणि जी अगदीच वाया गेलेली असेल ती सोडून दिली जाते. या छाननीतून जी बेरीज निघते तो त्या घराचा वेग होय. वेग ठरवण्यापूर्वी सारी परिस्थिती शांतपणे पाहणारा हा त्या संपूर्ण व्यवहारातील एकमेव पक्ष असल्यामुळे घरातील तारेची अवस्था सर्वांत आधी मॉडेमला कळते. परंतु ते लुकलुकण्यापलीकडे काही बोलत नाही.

आवाज आणि माहिती एकाच जोडीवरून येत असल्यामुळे घरात त्यांना वेगळे करणे आवश्यक असते आणि त्यासाठी स्प्लिटर नावाची, काडेपेटीहून थोडी मोठी डबी दिली जाते. तिला तीन भोके असतात: एकात बाहेरची लाइन, दुसऱ्यात फोन, तिसऱ्यात मॉडेम. फोनकडे जाणाऱ्या वाटेवर उच्च कंपने अडवणारी गाळणी असल्यामुळे फोनच्या पोटातले विद्युत्-भाग मॉडेमच्या कामात ढवळाढवळ करू शकत नाहीत. यातून निघणारा नियम सोपा आहे: घरात तार जेथे प्रथम येते तेथे, म्हणजे भिंतीवरच्या ‘रोझेट’ नावाच्या लहान पेटीशीच, स्प्लिटर बसवावा आणि घरातील प्रत्येक फोन त्याच्या फोनच्या भोकाकडूनच निघावा. प्रत्यक्षात स्प्लिटर जेथे संगणक तेथे बसे. संगणक जेथे टेबल तेथे असे. टेबल जेथे प्लगपॉइंट तेथे असे. आणि प्लगपॉइंट बिल्डरने ठरवलेल्या ठिकाणी, म्हणजे सहसा आतल्या खोलीच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यात असे. परिणामी तार घरात शिरल्यावर वाटेत आजोबांचा फोन, स्वयंपाकघरातला फोन, नंबर दाखवणारी कॉलर-आयडीची डबी आणि वरच्या मजल्याचा फाटा यांना भेटून मग स्प्लिटरपर्यंत पोचे, आणि तो आपल्यासमोरच्या एका फोनला निष्ठेने गाळत असताना उरलेले सर्व फोन त्याच्या पाठीमागे मोकाट असत.

यापेक्षाही चमत्कारिक उपद्रव ज्या फाट्याच्या टोकाला काहीच जोडलेले नाही त्याच्यामुळे होतो. ज्यावर फोन नाही ती तार निरुपद्रवी, असा सर्वसाधारण समज असला तरी विद्युत्-लहरींना टोकाला फोन नाही हे आधी ठाऊक नसते. लहर फाट्याशी आली की तिचा एक हिस्सा मॉडेमकडे आणि दुसरा त्या रिकाम्या फाट्यात जातो. तेथे टोकाला पोचल्यावर पुढे वाट नाही असे कळते आणि तो उलट फिरून मूळ रस्त्याला लागतो, जसा लग्नाच्या वरातीतला एखादा पाहुणा बंद गल्लीत शिरून परत येतो आणि उशिरा आल्यामुळे पुढच्या रांगेच्या पायात घोटाळतो. फाट्याची लांबी एखाद्या लहरीच्या लांबीच्या एक-चतुर्थांश असेल तर परत आलेला हिस्सा मूळ लहरीच्या नेमका विरुद्ध पडतो आणि त्या कंपनसंख्येच्या आसपासच्या मार्गिका जवळजवळ पुसल्या जातात. तारेतून लहर सेकंदाला साधारण वीस कोटी मीटर जाते असे धरले, तर ५० मीटरचा फाटा १००० किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतो आणि २५ मीटरचा फाटा २००० किलोहर्ट्झच्या आसपास. तळमजल्यापासून गच्चीवरच्या खोलीपर्यंत वळणे घेत गेलेल्या तारेची लांबी २५ मीटर भरणे मुळीच अवघड नाही. ज्याने त्या खोलीत स्पर्धापरीक्षेचा अभ्यास केला तो अशा रीतीने नोकरीला लागून परगावी गेल्यानंतरही कुटुंबाच्या इंटरनेटचा वाटा नियमितपणे घेत असे.

बिनपिळाच्या तारेचा आणखी एक गुण म्हणजे ती उत्तम एरियल असते. एडीएसएलची जागा आणि रेडिओच्या मध्यम लहरींची जागा एकमेकींवर येतात. उदाहरणार्थ, आकाशवाणीचे पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर प्रक्षेपण करते, आणि ही कंपनसंख्या एडीएसएलच्या १८३ व १८४ क्रमांकांच्या मार्गिकांच्या दरम्यान पडते. चांगली पिळलेली तार हे प्रक्षेपण कानाआड करते, पण घंटीची वायर ते मनापासून ऐकते आणि त्या मार्गिकांवर माहितीऐवजी आकाशवाणी बसते. सूर्यास्तानंतर मध्यम लहरी दूरवर जात असल्यामुळे परगावची केंद्रेही या मैफलीत सामील होतात. संध्याकाळी इंटरनेट मंदावते ते सगळे गाव एकाच वेळी बसते म्हणून, हे सर्वमान्य स्पष्टीकरण खरे असले तरी पुरते खरे नसते.

या विषयात ब्रिटनचा अनुभव उद्बोधक आहे, कारण तेथे हा दोष अव्यवस्थेतून न येता व्यवस्थेतूनच आला. १९८१ पासून तेथे घरोघरी बसवण्यात आलेल्या टेलिफोन सॉकेटच्या पद्धतीत दोन तारांखेरीज घंटेसाठी एक तिसरी तार असे. मुख्य सॉकेटमधला एक संधारक, म्हणजे विद्युत्-भार साठवणारा लहान भाग, घंटेचा प्रवाह वेगळा काढून या तारेवर सोडत असे, आणि ती घरातल्या सर्व एक्स्टेन्शनपर्यंत नेलेली असे. पुढे फोन बदलले, त्यांना तिची गरज उरली नाही, पण तार भिंतीत राहिली. आणि तिला जोडीदार नसल्यामुळे ती दोन तारांचा समतोल बिघडवून घरभरचा गोंगाट गोळा करू लागली. सॉकेट उघडून तीन क्रमांकाच्या खुंटीवरची ही तार सोडवणे, हा ब्रिटिश गृहस्थाच्या शनिवार दुपारचा एक मान्य उद्योग बनला, आणि ज्यांना स्क्रूड्रायव्हर हाती घेणे जमत नव्हते त्यांच्यासाठी तेच काम करणारी एक पट्टी बाजारात आली. त्याच मुख्य सॉकेटच्या नव्या रचनेत पुढचे झाकण काढले की घरातील सर्व एक्स्टेन्शन आपोआप तुटतात आणि आत एक चाचणीचे सॉकेट उघडे होते. तेथे मॉडेम लावून वेग वाढला तर दोष घराचा, न वाढला तर कंपनीचा, असा निवाडा तत्क्षणी होतो. कंपनी आणि ग्राहक यांच्यातील वाद प्लॅस्टिकच्या एका झाकणाने सुटावा, हे स्थापत्य भारतात रुजले नाही, याचे कारण येथे वाद सुटावा अशी इच्छा दोन्ही पक्षांना फारशी नव्हती.

वेल्समधील अबेरहोसान या खेड्याचे प्रकरण तर प्रसिद्धच आहे. तेथे दीड वर्ष रोज सकाळी सात वाजता साऱ्या गावाचे ब्रॉडबँड कोलमडत असे. तारा बदलून पाहिल्या तरी फरक पडेना. अखेर २०२० साली तंत्रज्ञांनी पहाटे लहरींचा मागोवा घेणारे यंत्र हाती घेऊन गावात फेरी मारली, तेव्हा एका घरातला जुना टीव्ही सकाळी सातला सुरू होताच विद्युत्-गोंगाटाचा झोत सोडतो असे आढळले. मालकांना मोठा संकोच वाटला आणि त्यांनी तो टीव्ही पुन्हा न लावण्याचे मान्य केले. मराठी वाचकाला या हकिकतीतील तंत्रापेक्षा तिचा शेवट अधिक आश्चर्यकारक वाटेल, कारण आपल्याकडे अशा टीव्हीच्या मालकाने प्रथम ‘मग इतकी वर्षे कसा चालला?’ असे विचारले असते आणि नंतर सोसायटीच्या वार्षिक सभेत तो विषय मांडला असता.

समांतर जोडणीने होणाऱ्या विकारांची लक्षणे घरोघर सारखीच असली तरी त्यांची घरगुती स्पष्टीकरणे निरनिराळी असत. फोनची घंटा वाजली की इंटरनेट तुटते, हे पहिले लक्षण होय. एक्स्चेंज घंटेसाठी तारेवर सुमारे ७५ व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडते, आणि वाटेत न गाळलेला फोन किंवा कच्चा जोड असेल तर त्या धक्क्याने मॉडेमचा हिशेब विस्कटतो. घरात मात्र ‘अमुक मामांचा फोन आला की नेमके असे होते’ एवढीच नोंद होई आणि मामांविषयी आधीपासून असलेल्या मताला तांत्रिक आधार मिळे. दुसरे लक्षण याच्या उलटे आणि अधिक गूढ आहे: घरात कोणी फोनवर बोलत असेल तेवढाच वेळ इंटरनेट उत्तम चालते. तारेच्या जोडावर गंजाचा पातळ थर चढला की रिसीव्हर जागेवर असताना त्यातून प्रवाह वाहत नाही आणि तो जोड जवळजवळ तुटल्यासारखा वागतो. रिसीव्हर उचलताच वीसेक मिलिअँपिअरचा प्रवाह सुरू होऊन तो थर भेदतो आणि जोड तात्पुरता बरा होतो. ज्या घरांत हा विकार होता तेथे आईने मावशीला रोज तासभर फोन करावा, अशी विनंती मुलांनी स्वतःहून केल्याचे अपूर्व दृश्य दिसणे शक्य होते, आणि फोनचे बिल पाहणाऱ्या वडिलांना त्यामागची भौतिकी समजावून सांगणे अशक्य होते. तिसरे लक्षण पावसाळ्यातले. खिडकीतल्या जोडावरची चिकटपट्टी ओली झाली की दोन तारांमध्ये पाण्याची वाट तयार होऊन वेग घसरतो. हा दोष रस्त्यावरच्या केबलमध्येही होत असल्यामुळे पावसाळाभर घरातल्या जोडाला निर्दोषत्वाचा पक्का पुरावा मिळत राहतो.

चौथे लक्षण लक्षणांच्या अभावाचे आहे आणि तेच सर्वांत खर्चिक ठरले. योजना २५६ किंवा ५१२ किलोबिटची होती तोवर सदोष तारही तेवढे ओझे वाहू शकत असे, म्हणून दोष कोणाच्या ध्यानात येत नसे. पुढे अधिक पैसे भरून कुटुंबाने कित्येक पट वेगाची योजना घेतली की तार आपल्या कुवतीइतकेच देत राही, आणि आपण फसवलो गेलो या निष्कर्षावर घरातील एरवी कशावरही एकमत नसलेल्या सर्व पिढ्या एकत्र येत.

यानंतर १९८ क्रमांकावर तक्रार नोंदवली जाई आणि तिचा नंबर कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवला जाई. यथावकाश लाइनमन येई, जिन्याखालच्या डीपीपाशी, म्हणजे इमारतीतल्या सर्व जोड्या जेथे वाटल्या जातात त्या पेटीपाशी, आपला फोन लावून पाही आणि ‘आमच्याकडून ओके आहे’ असे सांगून जाई. हे वाक्य जबाबदारी टाळण्याचे उदाहरण म्हणून मराठी समाजात ओळखले जाते; तथापि निःपक्षपाती अभ्यासकाला असे नमूद करावे लागते की पुष्कळ वेळा ते वस्तुस्थितीचे अचूक वर्णन होते. त्याच्याकडून खरोखरच ओके असे. त्याच्यापासून पुढच्या वीस-पंचवीस मीटरमध्ये जे काही होते ते पाहण्याचे काम त्याचे नव्हते, आणि ज्यांचे होते ते त्या वेळी त्याच्याशी भांडत होते.

घरातल्या घरात निदान करण्याची रीत मुळीच कठीण नाही. संगणकावर १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकला की मॉडेमचे स्वतःचे पान उघडते आणि त्यावर दोन आकडे महत्त्वाचे असतात. पहिला क्षीणनाचा, म्हणजे एक्स्चेंजपासून घरापर्यंत येताना संकेत किती अशक्त झाला याचा. तो डेसिबलमध्ये मोजतात आणि नेहमीच्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तारेवर दर किलोमीटरला साधारण १४ डेसिबल धरतात, म्हणजे २८ हा आकडा दिसला तर एक्स्चेंज तारेच्या वाटेने दोनेक किलोमीटरवर आहे असे समजावे. दुसरा आकडा गोंगाटावरील शिलकीचा, म्हणजे संकेत गोंगाटापेक्षा गरजेहून किती वर आहे याचा. ही शिल्लक ६ डेसिबलच्या खाली रेंगाळू लागली की जोडणी वरचेवर तुटते. पहिला आकडा हे प्रारब्ध आहे, त्यात गृहस्थाच्या प्रयत्नाने बदल होत नाही. दुसऱ्यात पुरुषार्थाला वाव आहे. आकडे कागदावर लिहून घ्यावेत, मग रोझेट उघडून घरात जाणारे सर्व फाटे सोडवावेत, बाहेरून आलेली जोडी तेवढी ठेवून तिच्यावर थेट मॉडेम लावावे आणि आकडे पुन्हा पाहावेत. शिल्लक वाढली तर गुन्हेगार घरात आहे. त्यानंतर एकेक फाटा परत जोडत जावे. ज्या फाट्याने आकडा कोसळेल तो दोषी. फाटे पुष्कळ असतील तर निम्मे जोडून पाहावे, दोष कोणत्या निम्म्यात आहे ते ठरले की त्याचे पुन्हा निम्मे करावे, असे केल्याने वेळ वाचतो.

तंत्राच्या दृष्टीने ही पद्धत निर्दोष आहे. तिची अडचण समाजशास्त्रीय आहे. सर्व फाटे सोडवायचे म्हणजे घरातील प्रत्येकाचा फोन काही वेळ बंद करायचा, आणि नेमक्या त्याच वेळी अमेरिकेतून मुलाचा फोन येणार असल्याची आजींना खात्री असते. मॉडेम रोझेटपाशी लावायचे म्हणजे संगणक दाराशी, चपलांच्या स्टँडवर आणायचा. एकेक फाटा जोडून पाहायचा म्हणजे शेवटी एका विशिष्ट व्यक्तीचा फाटा दोषी ठरणार, आणि मग विषय तारेचा राहत नाही. वरच्या मजल्याचाच फाटा कसा वाईट निघाला, खालचे सगळे कसे चांगले, या प्रश्नाला डेसिबलमध्ये उत्तर देता येत नाही. म्हणूनच ज्या घरांत चाचणी पूर्ण झाली तेथेही निकाल बहुधा कपाटामागच्या बेवारस तारेच्या विरुद्ध लागला. तिचा अपराध बहुधा खराही होता, पण तिची बाजू घेणारे घरात कोणी नव्हते, हेही विसरता येत नाही.

आता घरोघरी काचेचा तंतू आला आहे आणि तांब्याची जोडी निवृत्त होत आहे. काचतंतूला घरात फाटा काढता येत नाही, दातांनी सोलता येत नाही आणि आकाशवाणी ऐकू येत नाही, त्यामुळे हा विषय इतिहासजमा झाला असे मानण्याकडे कल दिसतो. परंतु समांतर जोडणीची प्रेरणा तारेत नव्हती, ती घरात होती, आणि घर बदललेले नाही. काचतंतू दिवाणखान्यात संपतो. तेथून आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल न्यावी लागते. ती थोडी कमी पडते. आणि वायरमन तोच असतो. या केबलमध्ये पिळलेल्या चार जोड्या असतात. सेकंदाला १००० मेगाबिटसाठी चारही लागतात, पण १०० मेगाबिट दोनच जोड्यांवर चालतात, त्यामुळे मध्ये चिकटपट्टीचा जोड देताना एक जोडी नीट बसली नाही तर दोन्ही बाजूंची यंत्रे बोभाटा न करता १०० वर समझोता करतात. ३०० मेगाबिटची योजना घेतलेल्या घरात वेगाची चाचणी दर वेळी ९४-९५ चाच आकडा दाखवते, तो प्रायः येथून येतो. असा आकडा पाहून कंपनीला फोन लावण्याआधी जेथे काचतंतू संपतो त्या डबीलाच संगणक थेट जोडून पाहावा, आणि ३०० दिसले तर फोन वायरमनला लावावा. एवढी शिफारस शास्त्राला करता येते. तिची अंमलबजावणी होईल अशी अपेक्षा मात्र ठेवता येत नाही, कारण कंपनीवर चिडता येते, आणि वायरमन बिघडला तर उन्हाळ्यात पंखा कोण दुरुस्त करणार, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो व त्याला समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही.